रविवारची वाक्यं

बीडच्या तेलगाव नाक्यावर कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी असताना दिपालीला सत्यम दिसला. परळीकडून आलेल्या एसटीतून तो उतरत होता. तिनं हात वर करून हाक मारली. त्यानं तिच्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत बघितलं, आणि मग खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती. रस्त्याच्या अलीकडूनही ते दिसत होतं. तेवढ्यात उसानं भरलेला ट्रॅक्टर मधे आला, त्याच्यामागे दुसरी ट्रॉली, तिच्यामागे अडकलेल्या मोटरसायकली, आणि रस्ता मोकळा झाला तेव्हा एसटीपाशी कुणी नव्हतं. वर केलेला हात तिनं हळूच खाली घेतला आणि केस नीट केल्यासारखं केलं. शेजारी पेरू विकायला बसलेली बाई तिच्याकडे टक लावून बघत होती.

दुसरा कुणी असेल, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. पण पायऱ्या उतरताना उजवा खांदा जरा पुढं काढायची ती लकब दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं. आज मंगळवार. सत्यम आत्ता चाकणला कंपनीत असायला हवा होता. सुट्टी घेतली असेल. घरी कुणी आजारी असेल. पण मग नाडी कशाला बांधायची? हा मुलगा एरवी भेटला की नको नको म्हणेपर्यंत पाया पडायचा. गाडी आली, ती चढून खिडकीशी बसली. मागच्या सीटवर पगारवाढीची चर्चा चालू होती, ड्रायव्हरनं भक्तिगीत लावलं होतं. परीक्षेचा पेपर हातात पडल्यावर आपण भलताच धडा वाचून आलोय हे कळतं, तसं दिपालीला झालं होतं. बाहेर पांढऱ्या ज्वारीवर ऊन पडलं होतं. तिला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी झालंय. काय झालंय ते माहीत नव्हतं, पण हातून झालंय एवढं पक्कं वाटत होतं.

गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात तो तिच्या सोलर प्रकल्पावर इंटर्न म्हणून आला होता. शेवटच्या वर्षाला जाणारी चार पोरं, इलेक्ट्रिकलची, त्यात हा सिरसाळ्याचा, मेंढ्या राखणाऱ्या त्रिंबकचा मुलगा. वायरिंगचा नकाशा एकदा बघितला की त्याच्या डोक्यात बसायचा, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. एका दुपारी सुपरवायझरनं त्याला पॅनेलच्या रांगेशी उभं केलं, म्हणाला, मी येईपर्यंत हलू नको, आणि स्वतः विसरून जेवायला गेला, तिथून बीडला गेला. मे महिना होता. दिपाली दुसऱ्याच कामासाठी त्या बाजूला गेली तर सत्यम तसाच उभा, ओठ पांढरे पडलेले, नजर कुठेच नसलेली. तिनं दंडाला धरलं तर तो तिच्या अंगावरच कोसळला. सलाइन लावलं, संध्याकाळपर्यंत बरा झाला. फोन खिशात असून सावलीत का गेला नाहीस, कुणाला विचारलं का नाहीस, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, 'कसं इचारावं ते कळंना.' ते ऐकून ती हादरली होती. तोपर्यंत सॉफ्ट स्किल्स म्हणजे तिला टाय लावून हस्तांदोलन करायचे शहरी चोचले वाटायचे. त्या दिवशी तिला कळलं की ज्याला विचारता येत नाही तो उभ्या उभ्या मरू शकतो.

इंटर्नशिप संपली, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाला. दिपालीला मात्र ती पोरं तशीच बाहेर सोडवेनात. रविवारी सकाळी या, असं तिनं सांगितलं. आधी पोरं तिच्या घरी हॉलमध्ये बसायची. मग नोकऱ्या लागून पांगली तशी फोनच्या पडद्यावर येऊ लागली. प्रत्येकानं आठवड्यातली एक गोष्ट सांगायची. कुणाला काय विचारलं, कुणाला नाही म्हटलं, कुणाचं नुसतं ऐकून घेतलं. ती वाक्यं तपासायची. 'करून टाकतो' नको, कधीपर्यंत करतो ते सांग. 'साहेब बोलले म्हणून' नको, तुला काय वाटतं ते सांग. आधी आपलं म्हणणं, मग कारण, मग आपण काय करू शकतो. आणि आवाज खालचा. हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की झोपेतही म्हणत असेल. तिचा नवरा अभिमन्यू कॉलेजात शिकवायचा. तो म्हणायचा की मीही पोरं शिकवतो, पण तास संपला की वर्गाबाहेर येतो. तू बाहेर येतच नाहीस. यात कौतुक किती आणि टोमणा किती हे तिला कधी नीट लागलं नाही. पण सत्यमला चाकणची नोकरी लागली तेव्हा अभिमन्यूनंच पेढे आणले होते.

त्या आठवड्यात तिचं कशातच चित्त लागलं नाही. मंगळवारी संध्याकाळी तिनं सत्यमला मेसेज लिहिला, 'बीडला आला होतास का?' आणि पुसला. 'सगळं ठीक ना?' लिहिलं, तेही पुसलं. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलतं करायचे प्रश्न तिनंच पोरांना शिकवले होते, पण स्वतः लिहायला बसली की प्रत्येक प्रश्नात चौकशी अधिकाऱ्याचा सूर ऐकू यायचा. जेवताना, मीटरवरचे आकडे बघताना ती वाकलेली पाठ तिला दिसत राहिली. कुणीतरी आपल्याला टाळतंय यापेक्षा आपल्याला घाबरतंय हे जास्त बोचतं. आणि तो घाबरला होता. त्या क्षणभराच्या नजरेत ओळख होती, आनंद नव्हता, थेट भीती होती. दिपाली स्वतः वर्गातल्या बाईंना बाजारात बघितल्यावर लहानपणी जशी भिंतीआड व्हायची तशी. तिला त्या बाई आठवल्या. हातातल्या लाल पेनसकट आठवल्या. त्यांनी तिला कधी मारलं नव्हतं.

रविवारी पोरं पडद्यावर आली. करिष्मा पुण्याच्या हॉस्टेलमधून, ओले केस टॉवेलात गुंडाळून. बाकी दोघं आपापल्या खोल्यांतून. सत्यमचा चौकोन काळा होता. दिवाळीनंतर तो काळाच असायचा, रेंज नाही म्हणून. त्याची पाळी आली. त्यानं स्वच्छ, सावकाश, ग्रंथातल्यासारख्या मराठीत सांगितलं की मंगळवारी आमच्या पाळीत एक नवीन मुलगा आला. त्याला काय येतं ते मी आधी विचारलं, मग त्याला झेपेल तेवढं काम दिलं, आणि दुपारी परत जाऊन अडचण आहे का ते बघितलं. मंगळवारी. त्याच्या आवाजामागे लांबवर मेंढी ओरडली, आणि तो लगेच खोकला. करिष्मानं पडद्यावरून नजर खाली वळवली. आत्ता काहीतरी म्हणायला हवं होतं, किंवा काहीच म्हणायला नको होतं. दिपाली म्हणाली, 'छान. फक्त नवीन मुलगा म्हणू नकोस. नवीन सहकारी म्हण.'

'हो मॅडम. नवीन सहकारी,' काळा चौकोन म्हणाला.

फोन बंद झाल्यावर ती बराच वेळ तशीच बसून राहिली. समोर खोटं बोललेलं तिला कळलं होतं, ते खोटं आहे हे जागच्या जागी कळलं होतं, तरी तिनं काय केलं तर त्यातला शब्द दुरुस्त केला. म्हणजे दिवाळीपासून दर रविवारी तो रानात कुठंतरी उभा राहून नसलेल्या कंपनीतल्या नसलेल्या माणसांशी आपण कसे छान बोललो ते सांगत होता, आणि ती त्याला सांगत होती की तुझ्यात खूप फरक पडलाय. काय झालं असं अभिमन्यूनं विचारलं तर म्हणाली, काही नाही, जागरण झालंय. हेही खोटंच, पण वाक्य व्यवस्थित होतं.

करिष्माचा फोन संध्याकाळी आला. युसूफ वडगाव या गावची ही मुलगी एरवी फोनवरही हसत बोलायची. आज आधी नुसताच श्वास ऐकू आला. मग तिनं सांगितलं की सत्यमला दिवाळीच्या आधीच काढलं. सांगू नको म्हणून त्यानं आईची शपथ घातली होती, पण आज तो मेंढीचा आवाज ऐकून तिला राहवलं नाही. त्याच्या साहेबानं वीज बंद न करता चालू लाइनवर माणूस चढवायला सांगितला, गिऱ्हाइकाची माणसं समोर उभी होती, आणि सत्यमनं सगळ्यांदेखत नकार दिला. 'मॅडम, तुमीच शिकवलेलं वाक्य होतं ते,' करिष्मा म्हणाली. 'आधी म्हणणं, मग कारण, मग काय करू शकतो. जसंच्या तसं.' तिला बहुधा धीर द्यायचा होता.

दिपालीनं दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि परळी गाडी धरली. फोन कर ना, एवढ्या लांब कशाला, असं अभिमन्यू म्हणाला; पण फोनवर तो परत तीच मराठी बोलला असता. गाडी वडवणी सोडून पुढं निघाली तसं तिच्या मनात एकेक गोष्ट उलटी व्हायला लागली. विचारता येत नाही म्हणून तो उन्हात मरायला टेकला होता. मी त्याला विचारायला शिकवलं आणि त्याची नोकरी गेली. मग मी त्याला नेमकं काय दिलं? जिथं बोललं की माणसाला काढून टाकतात तिथं पोरांना बोलायला शिकवणं हा शहाणपणा की कुणाच्या तरी जिवावर केलेली हौस? तिला स्वतःला प्रकल्पावर सगळे शांत स्वभावाची म्हणून ओळखत. यंदापासून इंटर्न घ्यायचे नाहीत, असं तिच्या साहेबानं मीटिंगच्या शेवटी उठता उठता सांगितलं तेव्हा ती 'ठीक आहे सर' म्हणाली होती, खालच्या आवाजात. तेलगावला गाडी थांबली, हातात भाजीची गाठोडी घेऊन बाया चढल्या. त्याला काय म्हणायचं ते तिनं मनाशी बांधायला घेतलं. मी रागावलेली नाही. मला काळजी वाटली. आपण मिळून मार्ग काढू. म्हणणं, कारण, काय करू शकतो. वाक्य तयार झालं आणि तिला त्याची किळस आली.

सिरसाळ्याच्या बाजारापलीकडे, वस्तीच्या कडेला त्रिंबकचं पत्र्याचं घर होतं. बाप कळपातली थोडी मेंढरं घेऊन वरच्या माळाला गेला होता. सत्यमची आई सरस्वतीबाई दारात लोकर निवडत बसली होती; तिनं न सांगताच ओळखलं. 'तुमी बीडच्या म्याडम न्हवं?' म्हणत तिनं घोंगडी झटकून टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. दिपालीला वाटत होतं की आता ही बाई विचारील, माझ्या पोराला काय शिकवलं तुमी. ती मनातून त्याची वाटच बघत होती. विचारलं असतं तर बरं झालं असतं. सरस्वतीबाई चुलीतलं लाकूड पुढं सरकवत म्हणाली, 'कंपनीतनं आलंय तवापास्नं पोरगं कुणासंगं बोलत न्हाई, बाई. बापासंगं न्हाई, माज्यासंगं न्हाई. ऐतवारी तेवढं आंगुळ करून, धुतलेला सदरा घालून रानात जातंय. म्हणतंय, म्याडमचा तास हाय. त्या दिशी जेवतंय बी नीट.'

दिपालीनं कपबशी खाली ठेवली. दिवाळीपासून ती जे फसवणं समजून बसली होती, त्यासाठी तो आंघोळ करत होता. कॅमेरा बंद असताना धुतलेला सदरा घालत होता. सरस्वतीबाईनं तिच्या बोलायची वाट बघितली नाही. चहा गार होतोय एवढंच सांगितलं.

बाकीची मेंढरं घेऊन सत्यम ज्या रानात गेला होता ते लांब नव्हतं. कापूस वेचून झालेल्या वावरात मेंढ्या पांगल्या होत्या, आणि वाट चढून वर येण्याआधीच तिला आवाज ऐकू आला. पलीकडच्या ज्वारीत शिरू बघणाऱ्या मेंढ्यांना कुणीतरी हाकारत होतं, छाती भरून, अख्ख्या शिवारावर घुमेल असं. तो सत्यमचा आवाज आहे हे कळायला तिला वेळ लागला. इतका मोठा आवाज त्याच्याकडे आहे हे तिला माहीतच नव्हतं. तिला बघितल्यावर तो आवाज मधेच तुटला. त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. या वेळी बांधायला नाडी नव्हती; पायात चपला होत्या.

'मॅडम, तुमी कावून आलात?'

बसमध्ये तयार केलेलं वाक्य जिभेशी आलं आणि तिथंच राहिलं. 'तू दिसलास म्हणून,' ती म्हणाली.

तो मान खाली घालून बांधावर बसला. तीही जरा अंतर ठेवून बसली. मग मेंढ्यांकडे बघत त्यानं सांगितलं की त्या दिवशी बीडला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या दुकानात काम विचारायला गेलतो, तुम्ही हाक मारली अन् काय सुचंना. चाकणचं त्यानं आपल्या भाषेत, तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. म्हाळू नावाचा जिंतूरकडचा एक माणूस होता, लेकरांचे फोटो दाखवायचा. साहेब म्हणाला, चढव याला, गिऱ्हाईक ताटकळलंय. लाइन चालू होती. म्हाळू शिडीला पाय लावून सत्यमच्या तोंडाकडे बघत होता.

'मग तो चढला?'

'न्हाई. मी शिडी धरून उभाच राह्यलो. त्यांनी मग केली लाइन बंद. दुपारी मला गेटवर बोलावलं अन् म्हणले, उद्यापासून यिऊ नको.'

वाऱ्यानं कापसाच्या पऱ्हाट्या वाजल्या. एक माणूस त्या दिवशी घरी गेला, जेवला असेल, लेकरांशी बोलला असेल. आणि दिवाळीपासूनच्या कुठल्याच रविवारी हे तिच्यापर्यंत आलं नाही. नसलेला नवीन सहकारी आला, म्हाळू आला नाही. 'मला का सांगितलं नाहीस?' तिनं विचारलं, आणि विचारताना आवाज कापला तो कापू दिला.

त्यानं काठीनं मातीत रेघ ओढली, पुसली. 'भ्या वाटलं, मॅडम. तुमी म्हणला आसता, वाक्य बरुबर हाय सत्यम, पण आवाज चढला तुजा.'

'चढला होता?'

'लई. वरडलो मी त्याच्यावर. पार सगळी कंपनी थांबली.'

ती नक्की तेच म्हणाली असती. त्याच शब्दांत, त्याच सुरात, आधी 'छान' म्हणून, मग 'फक्त' म्हणून. हे इतकं खरं होतं की तिला लाज वाटायलाही उसंत मिळाली नाही. पोरं आठवडाभर जगायची आणि त्यातलं तिला चालेल तेवढं निवडून, धुऊन, इस्त्री करून रविवारी आणायची. बाकीचं जे ओबडधोबड उरायचं, रडू, शिव्या, भीती, ओरडणं, ते ती कुठं ठेवत असतील? करिष्मा कुठं ठेवत असेल? तिला एकदम करिष्माचा तो फोनवरचा श्वास आठवला. आज गेल्या गेल्या तिला फोन करायचा, काही न तपासता.

सत्यम म्हणाला की गुरुवारी जालन्याला मुलाखत हाय, एका स्टीलच्या कारखान्यात. ते विचारणार, आधीचं काम का सोडलं. त्याला तेवढंच जमत नव्हतं. सराव घेता का जरा, असं त्यानं विचारलं. नजर अजून मेंढ्यांवरच होती. दिपाली बांधावर सरळ बसली, पदर नीट केला, आणि समोरच्या वावराकडे बघत साहेबी आवाजात विचारलं की आधीची नोकरी तुम्ही का सोडलीत.

'वैयक्तिक कारणामुळे,' तो रविवारच्या मराठीत म्हणाला.

तिनं तोच प्रश्न परत विचारला. कामाच्या पद्धतीबाबत वरिष्ठांशी मतभेद झाले, असं उत्तर आलं. गुळगुळीत, कुठंही हात न अडकणारं. हे तिनंच घडवलेलं होतं. त्यावर तिच्या बोटांचे ठसे दिसत होते. एक कोकरू आईला चुकून ओरडत होतं, ते सापडेपर्यंत सत्यम तिकडे बघत राहिला. मग तिनं तिसऱ्यांदा, साहेबाचा आवाज सोडून, विचारलं.

'चालू लाइनवर माणूस चढवायला सांगितला,' तो म्हणाला. 'मी न्हाई म्हणलो. वरडून म्हणलो, सगळ्यांम्होरं. शांत बोलायला पायजे होतं, ते मी शिकतोय. पण परत तशी येळ आली तरी माणूस चढवणार न्हाई.'

आणि त्यानं तिच्याकडे बघितलं. नाक्यावरची तीच नजर, खाली वाकायच्या तयारीतली. तिच्या जिभेवर सगळं तयार होतं. वरडून हा शब्द काढ. शेवटचं आधी घे. 'न्हाई' नव्हे, 'नाही'. जालन्याला टेबलामागे कोण बसलेलं असेल ते तिला ठाऊक नव्हतं. हे उत्तर ऐकून तो माणूस पेन खाली ठेवील की पुढच्याला बोलवा म्हणेल, याचा तिला अंदाज नव्हता. यातलं काहीही झालं तरी त्याची झळ या पोराला लागणार होती, तिला नाही. बसमधलं सगळं भय तिथंच होतं, तसूभर कमी झालेलं नव्हतं. तिनं ओठ मिटले, आणि मुलाखतीत समोर बसलेल्या उमेदवाराला विचारावं तसं विचारलं:

'कामावर कधीपासून येऊ शकता?'